गोलिएथच्या जागेवरून

एम. ए.च्या वर्गाला आम्ही दोघे मिळून सौंदर्यशास्त्राची अभ्यासपत्रिका शिकवतो. मर्ढेकरांचा लयसिद्धान्त आला की संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांना उदाहरणे शोधावी लागतात. कवितेतली उदाहरणे संपली की अध्यापकाने चित्रशिल्पांकडे वळावे, ही आमच्या विषयातली जुनी वहिवाट आहे. समतोलासाठी आमचे ठरलेले उदाहरण म्हणजे मायकेलँजेलोचा डेव्हिड. देहाचा भार उजव्या पायावर, डावा पाय सैल. उजवा हात खाली सोडलेला, डावा गोफणीसह खांद्यापाशी उचललेला. ताण आणि विसावा यांची तिरप्या रेषेत झालेली वाटणी. आम्ही विद्यार्थी असताना हे सारे एका झेरॉक्सच्या पानावर पाहिले होते. त्यात संगमरवराचा रंग कोळशाच्या जवळ गेला होता. आता प्रोजेक्टरवर दाखवतो. चित्र मात्र तेच: समोरून घेतलेले, मूर्ती बरोबर मध्यावर, आणि मागे काहीही नाही.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, हा बघतोय कुणाकडे?" आमच्यापैकी एकाने लगेच सांगितले, "गोलिएथकडे." त्यावर तिचा पुढचा प्रश्न आला : "मग गोलिएथ जिथे उभा असेल, तिथून हा कसा दिसतो?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. आम्ही दोघांनीही फ्लॉरेन्स पाहिलेले नाही. त्या पुतळ्यासंबंधीचे आमचे सगळे ज्ञान छायाचित्रांतून आलेले, आणि बहुतेक छायाचित्रे एकाच जागेवरून घेतलेली. शोधाशोध केल्यावर दुसऱ्या बाजूची चित्रे सापडली. डेव्हिडचे डोके त्याच्या डावीकडे वळलेले आहे, म्हणजे समोरून पाहणाराच्या उजवीकडे. त्या बाजूला जाऊन पाहिले की चेहरा पूर्ण समोर येतो. भुवया आकसलेल्या, नजर रोखलेली, पुढ्यात उचललेला हात, आणि मागे अरुंद झालेला देह. समोरून दिसणारा तो विसावा इथे जवळजवळ शिल्लक राहत नाही. आम्ही गेली अठरा-वीस वर्षे ज्याला समतोल म्हणत आलो, तो समतोल मूर्तीत आहेच, पण तो एका जागेवरून दिसतो. ती जागा आम्ही निवडलेली नव्हती. कुणीतरी आमच्यासाठी निवडली होती आणि निवडल्याचे सांगितले नव्हते.

म्हणून हा लेख. प्रबोधनकालीन शिल्पांची जी सुरुवातीची छायाचित्रे एकोणिसाव्या शतकात निघाली, ती त्या शिल्पांची नोंद म्हणून आजवर पाहिली गेली. आमच्या मते ती त्या शिल्पांवरची समीक्षा आहे. ती समीक्षा पुष्कळदा उत्तम आहे, कधी चुकीची आहे. पण तिच्यावर समीक्षकाची सही नसल्यामुळे आपण तिला वस्तुस्थिती समजून बसलो आहोत.

छायाचित्रणाचा जन्म १८३९चा धरतात. त्या काळी प्रतिमा उमटायला मिनिटामागून मिनिटे जात. माणूस इतका वेळ स्तब्ध बसू शकत नसे, पुतळा बसे. त्यामुळे पुतळे, त्यातही प्लास्टरच्या प्रतिकृती, हे या नव्या कलेचे पहिले सोशिक गिऱ्हाईक ठरले. दागेरच्या अगदी आरंभीच्या एका प्रतिमेत खिडकीजवळ मांडलेल्या प्लास्टरच्या मूर्तीच आहेत. ईपोलीत बायार यानेही छोट्या प्लास्टर-मूर्तींच्या मांडण्या करून त्यांची चित्रे घेतली. इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॉल्बट याने 'द पेन्सिल ऑफ नेचर' हे पुस्तक १८४४ ते १८४६ या काळात भागाभागांनी काढले. त्यात एकूण चोवीस चित्रे आहेत, आणि त्यांपैकी दोन, पाचवे आणि सतरावे, एकाच अर्धपुतळ्याची आहेत : पाट्रोक्लसच्या प्लास्टर-प्रतिकृतीची. पुतळा प्राचीन वळणाचा आहे, प्रबोधनकालाचा नाही. पण प्रबोधनकालीन शिल्पकारांनी जे वळण आदर्श मानले तेच हे वळण, आणि पुढे त्यांच्या शिल्पांचे जे झाले त्याची तालीम इथे झाली.

टॉल्बटने त्या चित्रासोबत लिहिलेला मजकूर आम्हांला विलक्षण वाटतो. प्रखर उन्हात सावल्या फार गडद पडतात म्हणून ढगाळ दिवस बरा, असे तो सांगतो. एका बाजूला पांढरे कापड धरून उजेड परतवावा, अशी युक्ती देतो. पुतळा बैठकीवर थोडा थोडा फिरवावा, कॅमेरा मागेपुढे करावा, आणि असे केले की एकाच शिल्पातून किती वेगवेगळे परिणाम साधता येतात, हे तो कौतुकाने नोंदवतो. छायाचित्रांनी सजलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी हे एक, आणि त्यात एकच पुतळा दोनदा दोन बाजूंनी दाखवलेला! एक चित्र पुरेसे नाही, हे या माध्यमाला जन्मतःच ठाऊक होते. विसर नंतर पडला.

तो का पडला, याचे एक कारण रसायनात आहे. साहित्याच्या अध्यापकांनी रसायनात शिरू नये हे खरे, पण इथे शिरण्यावाचून गत्यंतर नाही. १८५१मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने काचेवरच्या कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली आणि पुढची तीसेक वर्षे तिचेच राज्य होते. ही ओली काच निळ्या प्रकाशाला फार चटकन प्रतिसाद देई. पिवळा आणि तांबडा तिला जवळजवळ दिसतच नसत. परिणामी तैलचित्रांची छायाचित्रे बिघडत : तांबडी वस्त्रे काळी पडत, आकाश कोरे राही. पांढऱ्या संगमरवराला मात्र ही काच सर्वाधिक अनुकूल. ब्राँझची पंचाईत होई, कारण तपकिरी-हिरवट धातू काळाठिक्कर उमटे आणि त्यावरची चकाकी पांढऱ्या डागासारखी. दोनातेल्लोचा आणि व्हेरॉक्क्योचा, दोघांचेही ब्राँझचे डेव्हिड या अडचणीत सापडले. लुका देल्ला रोब्बियाच्या चकचकीत मृण्मय शिल्पांत पांढऱ्या आकृती निळ्या पार्श्वभूमीवर उठून दिसतात. त्या काचेला निळाही पांढऱ्याच्या जवळचा, त्यामुळे ज्या विरोधावर ते शिल्प उभे तोच नाहीसा होई. शिवाय जुन्या संगमरवरावर चढलेली पिवळसर झाक छायाचित्रात काळपट डागांसारखी दिसे, म्हणून मूळ मूर्तीपेक्षा तिची नवी कोरी प्लास्टर-प्रतिकृती अधिक सुबक उतरे. काय दाखवण्याजोगे आहे हे ठरवण्यात सौंदर्यदृष्टीइतकाच चांदीच्या क्षारांचा वाटा होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

अभिजात शिल्प म्हणजे शुभ्र शिल्प, ही समजूत छायाचित्रणाने निर्माण केली असे आम्ही म्हणत नाही. ती अठराव्या शतकातल्या विंकेलमानपासून चालत आलेली आहे. पण मत आणि पुरावा यांत अंतर असते. छायाचित्राने त्या मताला पुराव्याचे रूप दिले.

दुसरे कारण बाजाराचे. १८५२मध्ये लिओपोल्दो अलिनारीने फ्लॉरेन्समध्ये आपली चित्रशाळा सुरू केली. पुढे भाऊ ज्युझेप्पे आणि रोमुआल्दो सहभागी झाले. शहरातल्या इमारती, चित्रे, मूर्ती यांची छायाचित्रे क्रमांक घालून, सूचिपत्र छापून विकली जाऊ लागली. प्रवासी ती विकत घेत, प्राध्यापक मागवत, चित्रकलेच्या शाळा भिंतींवर लावत. अल्सासमधल्या आडोल्फ ब्राउनने कार्बन-छपाईचे तंत्र वापरून न फिकटणाऱ्या प्रती काढल्या. या मंडळींचे काम थक्क करणारे आहे, हे आधीच कबूल करतो. जड कॅमेरा, ओल्या काचा आणि काळोखी तंबू बरोबर घेऊन अंधाऱ्या चर्चमध्ये ज्यांनी हे केले, त्यांची चूक काढायला बसणे आम्हांला शोभणारे नाही. पण सूचिपत्राला प्रत्येक मूर्तीचे एक चित्र पुरते. एक क्रमांक, एक मूर्ती, एक बाजू. आणि ते चित्र स्वच्छ दिसावे म्हणून कधी मागे कापड टांगले जाई, कधी काचेवर रंग फासून वा ती खरवडून मागची भिंत पुसून टाकली जाई. मूर्ती पोकळीत उभी राही.

डेव्हिड पोकळीत कधीच उभा नव्हता. १५०१ मध्ये त्याचे काम मायकेलँजेलोकडे आले ते कॅथीड्रलच्या उंच बाहेरच्या कठड्यासाठी. मूर्ती पूर्ण होत आली तेव्हा ती कुठे ठेवावी हे ठरवायला जानेवारी १५०४मध्ये कलावंतांची आणि कारागिरांची बैठक भरली, तिला लिओनार्दो आणि बोत्तिचेल्ली हजर होते. मते एक झाली नाहीत. अखेर पालाझ्झो व्हेक्क्योच्या दाराशी, भर चौकात, तिची जागा ठरली. १५२७च्या दंग्यात तिचा डावा हात मोडला. ऊनपाऊस खात ती तिथे १८७३पर्यंत होती. मग अकादेमिआत हलवली गेली, आणि तिच्यासाठी बांधलेले घुमटाचे दालन १८८२मध्ये खुले झाले. चौकात आज आहे ती १९१०मध्ये बसवलेली प्रतिकृती.

यातला मधला काळ पाहावा. १८५० ते १८७३ या वर्षांत घेतलेल्या छायाचित्रांत डेव्हिड उघड्यावर आहे. बाजूला बांदिनेल्लीचा हर्क्युलीझ, मागे राजवाड्याची ओबडधोबड दगडी भिंत. या छायाचित्रांतली सावली सूर्याची आहे. ती सकाळी एका बाजूला आणि दुपारी दुसऱ्या बाजूला पडणार. दालनातल्या छायाचित्रांत उजेड माथ्यावरच्या काचेतून येतो आणि तो बव्हंशी तसाच राहतो. मूर्ती तीच, पण एकीत ती शहराच्या दाराशी पहारा देणारी, दुसरीत स्वतःतच पूर्ण असलेली. आमच्या झेरॉक्सवर आलेली ती दुसरी. 'कलाकृतीची स्वायत्तता' हा पाठ आम्ही त्या चित्राच्या साक्षीने शिकलो आणि शिकवला. साक्षीदार पढवलेला होता, हे आज कळते.

(जाता जाता : फ्लॉरेन्समध्ये तयार केलेली डेव्हिडची पूर्णाकृती प्लास्टर-प्रतिकृती तोस्कानाच्या ग्रँड ड्यूकने राणी व्हिक्टोरियाला भेट दिली, आणि राणीने ती लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाकडे पाठवून दिली. राजघराण्यातल्या स्त्रिया येणार असल्या की लावायला प्लास्टरचे एक अंजिराचे पान तयार ठेवले होते. ते पान आज त्याच संग्रहालयात, व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये, स्वतंत्र प्रदर्शित आहे. काय दाखवायचे याचा निर्णय इतक्या प्रामाणिकपणे जपून ठेवलेला क्वचितच आढळतो.)

आता या विषयावरच्या सर्वांत गंभीर माणसाकडे वळतो. स्विस कलेतिहासकार हाइनरिख वोल्फ्लिन याने १८९६ आणि १८९७मध्ये, आणि पुन्हा १९१५मध्ये, शिल्पांची छायाचित्रे कशी घ्यावीत या एकाच प्रश्नावर लेख लिहिले. त्याची तक्रार अशी, की छायाचित्रकार मूर्तीच्या समोर उभे न राहता उगाच थोडे बाजूला सरकतात; त्यांना ते अधिक 'चित्रमय' वाटते. पण प्रबोधनकालीन शिल्पकाराने आपली मूर्ती एका मुख्य बाजूसाठी रचलेली असते. त्या जागेवरून सगळ्या रेषा उलगडतात, हातापायांमधल्या मोकळ्या जागा नीट दिसतात. एक पाऊल सरकलात की सगळे गुंतते. व्हेरॉक्क्योच्या डेव्हिडची बरोबर आणि चूक अशी छायाचित्रे शेजारी ठेवून त्याने हे दाखवले. कंबरेवर टेकवलेला डावा हात आणि देह यांमधली पोकळी एका चित्रात बोलकी आहे, दुसऱ्यात मुकी.

वोल्फ्लिनचे आमच्यावर ऋण आहे. छायाचित्राचा कोन म्हणजे अर्थनिर्णय, हे इतक्या नेमकेपणाने त्याच्याआधी कुणी मांडल्याचे आमच्या वाचनात नाही. पण पुढची पायरी चढायला आम्ही तयार नाही. कोन हा अर्थनिर्णय असेल, तर 'एकच बरोबर कोन' हे 'कवितेचा एकच बरोबर अर्थ' या म्हणण्याचे भावंड होते, आणि ते भावंड आपण साहित्यात केव्हाच घराबाहेर काढले आहे. शिवाय ज्यांच्या वतीने तो बोलतो, ते शिल्पकार स्वतः काय म्हणत होते? १५४७मध्ये बेनेदेत्तो वार्कीने चित्रकला श्रेष्ठ की शिल्पकला, असा प्रश्न कलावंतांना पत्राने विचारला. मायकेलँजेलोनेही उत्तर पाठवले होते. बेनव्हेनुतो चेल्लिनीने शिल्पाची बाजू घेताना सांगितले, की चित्राला एकच बाजू असते, मूर्तीला आठ हव्यात आणि आठही सारख्याच चांगल्या हव्यात. आता चेल्लिनी बढाईखोर होता हे त्याच्या आत्मचरित्राच्या कुठल्याही वाचकाला ठाऊक आहे. पण बढाईतूनही कळते की त्या काळात श्रेष्ठत्वाची कसोटी काय होती : शिल्प अनेक बाजूंनी जिंकते, ही. वोल्फ्लिनच्या सिद्धान्ताने शिल्पाकडून नेमका तोच मान काढून घेतला आणि त्याला चित्राच्या पंक्तीला बसवले.

चेल्लिनीचे म्हणणे अक्षरशः पाळणारे शिल्प फ्लॉरेन्सच्याच चौकात, लोज्जा देइ लान्झीमध्ये आहे : जांबोलोन्याचे, १५८३ मध्ये तिथे बसवलेले तीन देहांचे शिल्प, ज्याला सॅबाइन स्त्रीचे अपहरण म्हणतात. (हे नाव शिल्प घडल्यानंतर सुचवले गेले, शिल्पकाराला आधी तीन देहांची रचनाच हवी होती.) खाली दबलेला पुरुष, मध्ये उचलणारा पुरुष, वर हात फेकणारी स्त्री, आणि सगळे सर्पिल वळणात. कुठेही उभे राहा, डोळा तुम्हांला पुढच्या बाजूकडे ढकलतो. या शिल्पाचे एक छायाचित्र म्हणजे कादंबरीचे एक पान. तरी सूचिपत्रात त्याचेही एक चित्र असे. आणि व्हेरॉक्क्योच्या डेव्हिडबद्दल बोलायचे, तर पायांशी पडलेले गोलिएथचे शीर मुळात दोन पायांमध्ये होते की एका बाजूला, यावर अभ्यासकांत वाद आहे. ते बाजूला असेल तर मूर्तीची 'मुख्य' बाजूही सरकते. वोल्फ्लिनचा बरोबर कोन हादेखील एका मांडणीवर अवलंबून होता.

आम्हांला असे वाटते, की वोल्फ्लिनचा सिद्धान्त आणि छायाचित्र यांनी एकमेकांना जन्म दिला. पडद्यावर दोन चित्रे शेजारी टाकून तुलना करण्याची पद्धत त्यानेच रूढ केली, आणि त्या तुलनेला प्रत्येक मूर्तीचे एक स्थिर, सपाट, स्वच्छ कडांचे चित्र लागते. मग मूर्तीचा गुण म्हणून स्वच्छ कडा सापडली तर नवल काय! पुढे १९४७मध्ये आंद्रे माल्रोने 'काल्पनिक संग्रहालया'ची कल्पना मांडली तेव्हा छायाचित्र लहानमोठेपणाचा फरक पुसते हे त्याने आनंदाने स्वीकारले. व्हेरॉक्क्योचा डेव्हिड जेमतेम सव्वा मीटर उंचीचा आहे आणि मायकेलँजेलोचा पाच मीटरांहून अधिक. आमच्या पडद्यावर दोघे सारखेच. आमच्या विद्यार्थ्यांना हा फरक आम्ही कधी सांगितला नव्हता, कारण आम्हांलाच तो जाणवला नव्हता.

यावर एक आक्षेप सहज घेता येईल, आणि तो आमच्या सहकाऱ्यांनी घेतलाही. तुम्ही दस्तयेवस्की भाषांतरात वाचता, त्यावर शोधनिबंध लिहिता. मग छायाचित्रावरून शिल्प शिकवण्यात एवढे अपराधी वाटण्यासारखे काय आहे? आक्षेप बरोबर आहे, म्हणूनच तो आमच्या बाजूचा आहे. भाषांतर शिकवताना आपण भाषांतरकाराचे नाव सांगतो. ज्ञानेश्वरीतली ओवी उद्धृत करताना पाठ कोणत्या प्रतीतला, हे न सांगणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण आम्ही कापतो. पाठभेदांवरून भांडण्यात या विषयातल्या पिढ्या गेल्या. आणि तेच आम्ही, शिल्पाच्या चित्राखाली केवळ 'मायकेलँजेलो' एवढे लिहून मोकळे होतो. चित्र कुणी घेतले, केव्हा, कोणत्या बाजूने, किती उंचीवरून, उजेड कुठला, मूर्ती मूळ की प्लास्टरची, यांतले काहीच नाही. मराठीतल्या कलाविषयक पुस्तकांतही हीच रीत दिसते, अपवाद थोडे. पाठचिकित्सेची सवय असलेल्या माणसांकडून हे व्हावे, याची आम्हांला लाज वाटते.

छायाचित्रे टाकून द्या, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ती नसती तर आमच्यासारख्या आडगावच्या अध्यापकांना यातले काहीच मिळाले नसते. किंबहुना काही गोष्टी छायाचित्रातच दिसतात. डेव्हिडच्या चेहऱ्यासमोर, त्याच्या उंचीवर, कुठलाही प्रवासी उभा राहू शकत नाही. मचाणावरचा कॅमेरा राहू शकतो. वॉल्टर बेंजामिनने १९३१ मध्येच नोंदवले होते, की शिल्प प्रत्यक्षापेक्षा छायाचित्रात अधिक सहज हाती येते. हाती येते हे खरेच. आमची शंका एवढीच, की जे इतक्या सहज हाती येते ते शिल्प असते की शिल्पाबद्दलचे कुणाचे तरी मत, हे प्रत्येक वेळी विचारले पाहिजे.

या वर्षी समतोलाचा तास घेताना आम्ही दोन चित्रे दाखवली, एक समोरचे आणि एक गोलिएथच्या बाजूचे, आणि कोणतेही स्पष्टीकरण न देता वर्गाला लिहायला सांगितले. निम्म्या वर्गाने दुसऱ्या चित्रातला पुतळा वेगळ्या शिल्पकाराचा ठरवला. एकाने लिहिले, की पहिला जिंकून आलेला आहे आणि दुसऱ्याने अजून गोफण फिरवलेली नाही. मर्ढेकरांचे कोणते तत्त्व कोणत्या चित्राला लावायचे, यावर तास संपेपर्यंत वाद चालू होता, आणि आम्ही दोघे त्या वादात परस्परविरुद्ध बाजूंना होतो. अंतर्गत चाचणीतला 'खालील शिल्पाच्या आधारे लयतत्त्व स्पष्ट करा' हा प्रश्न आम्ही बदलला आहे. आता तिथे 'खालील छायाचित्राच्या आधारे' असे शब्द आहेत, आणि चित्राखाली छायाचित्रकाराच्या नावासाठी एक ओळ. पहिल्या चित्रापुढची ती ओळ अजून कोरी आहे. आमची झेरॉक्स ज्या पुस्तकावरून काढलेली होती, त्यात ते नाव छापलेले नाही.